हनोई शहरात नव्या वर्षाची तयारी

मंडळी, दिवाळी जवळ आली की आपल्या घरी काय काय चालते, ते तुम्हाला ठाऊक आहे. भिंती पोतेऱ्याने सारवायच्या. भांडी घासायची. बाजारहाट करायचा. परगावी गेलेला मुलगा कोणत्या गाडीने येतो, म्हणून वाट पाहायची. अशीच धांदल दर वर्षी एका दूरच्या देशात उडते. तो देश म्हणजे व्हिएतनाम. त्याच्या राजधानीत आज आपण मनाने जाऊन येऊ. पैसा लागणार नाही, गाडीभाडे लागणार नाही. वाचता येते, एवढे पुरे.

देश आणि शहर

आपल्या देशाच्या पूर्वेला म्यानमार आहे. त्याला आपण पूर्वी ब्रह्मदेश म्हणत होतो. त्याच्या पलीकडे थायलंड आणि लाओस. त्याच्याही पलीकडे, समुद्राच्या काठाने, एक लांबट देश उभा पसरला आहे. तोच व्हिएतनाम. भात हे तिथले मुख्य पीक. चिखलणी, लावणी, कापणी, सारे आपल्या कोकणासारखे.

देशाच्या उत्तर भागात तांबडी नदी वाहते. तिच्या पाण्यात तांबडी माती असते, म्हणून हे नाव. तिच्या काठी हनोई शहर वसले आहे. इ. स. १०१० मध्ये लि थाई तो नावाच्या राजाने इथे राजधानी आणली. म्हणजे शहर हजार वर्षांहून जुने झाले. आज तिथे ऐंशी लाखांहून जास्त माणसे राहतात.

या शहराने दुःखही फार पाहिले. फ्रेंच लोकांनी तिथे राज्य केले, जसे आपल्याकडे इंग्रजांनी केले. २ सप्टेंबर १९४५ रोजी हो ची मिन्ह या पुढाऱ्याने हनोईच्या मैदानात स्वातंत्र्य जाहीर केले. तरी फ्रेंच जाईनात. १९५४ साली त्यांचा पराभव झाला. मग अमेरिकेशी युद्ध आले. १९७२ च्या डिसेंबरात हनोईवर विमानांनी बारा दिवस बाँब टाकले. गल्ल्याच्या गल्ल्या पडल्या. पुढे २७ जानेवारी १९७३ रोजी करार झाला, आणि बरोबर सात दिवसांनी नव्या वर्षाचा सण आला. पडक्या घरांतूनही लोकांनी तो केला. यावरून या सणाची त्यांना किती ओढ आहे, ते कळेल.

सण कधी येतो?

या सणाला तिथे 'तेत' म्हणतात. या शब्दाचे मूळ मोठे गमतीचे आहे. तो शब्द चिनी भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ बांबूचे पेर असाही होतो आणि सण असाही होतो. आपल्या 'पर्व' या शब्दाचे पाहा. संस्कृतात पर्व म्हणजे सण आणि पर्व म्हणजे पेरसुद्धा. बांबू पेरापेराने वाढतो, तसे वर्ष सणासणाने पुढे जाते. दोन लांबच्या देशांना एकच गोष्ट सुचली!

तेतची तारीख चंद्रावरून ठरते. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवस कमी पडतात. ते असेच सोडले तर सण सगळ्या ऋतूंत फिरत राहील. म्हणून तेही आपल्यासारखाच मधून मधून एक जादा महिना धरतात. आपण त्याला अधिक मास म्हणतो. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात.

त्यामुळे तेत २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येतो. आपल्या पंचांगाप्रमाणे म्हणाल, तर कधी पौष अमावास्येच्या सुमारास आणि कधी माघ अमावास्येच्या सुमारास. २०२५ साली तो २९ जानेवारीला होता. त्या दिवशी आपल्याकडे पौषातली मौनी अमावास्या होती. २०२६ साली तो १७ फेब्रुवारीला आला.

तिथे प्रत्येक वर्षाला एका प्राण्याचे नाव असते. असे बारा प्राणी आहेत. उंदीर, म्हैस, वाघ, मांजर, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. बारा वर्षे झाली की पुन्हा उंदरापासून सुरुवात. चीनमध्ये म्हशीच्या जागी बैल आणि मांजराच्या जागी ससा असतो. व्हिएतनामात मात्र म्हैस. भाताच्या खाचरात नांगर ओढते ती म्हैसच ना! तिला मान नको का?

चुलीचे देव निघाले

तयारीची सुरुवात होते बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी. म्हणजे नव्या वर्षाला आठवडाभर असतो तेव्हा. त्या दिवशी चुलीचे देव स्वर्गात जातात, असे तिथले लोक मानतात. घरात वर्षभर काय झाले, कोण चांगले वागले, कोण भांडले, ते सारे चुलीला ठाऊक असते. देव ते स्वर्गाच्या राजाला सांगतात.

चुलीचे देव तीन आहेत, दोन पुरुष आणि एक बाई. त्यांची एक गोष्ट सांगतात.

एक नवरा-बायको होते. त्यांचे भांडण झाले आणि बायको घर सोडून गेली. पुढे तिने दुसरे लग्न केले. पहिल्या नवऱ्याला पश्चात्ताप झाला. तो तिला शोधत गावोगाव फिरला. पैसे संपले, तो भिकारी झाला. एके दिवशी तो भीक मागत तिच्याच दारी आला. तिने त्याला ओळखले. पोटभर जेवू घातले. एवढ्यात दुसरा नवरा घरी आला. गैरसमज होईल, म्हणून तिने पहिल्याला गवताच्या गंजीत लपवले. दुसऱ्याला शेतासाठी राख हवी होती. त्याने गंजी पेटवून दिली. आतला माणूस बाईची अब्रू जाईल म्हणून ओरडला नाही. ते पाहून बाईने आगीत उडी घेतली. ती जळते आहे हे पाहून दुसऱ्या नवऱ्यानेही उडी घेतली. तिघांचेही मन खरे होते. म्हणून स्वर्गाच्या राजाने त्यांना चुलीचे तीन देव केले. तीन दगडांची चूल असते ना, ते तीन दगड म्हणजे ही तिघे.

हे देव माशावर बसून स्वर्गात जातात. मासा कार्प जातीचा, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. म्हणून त्या दिवशी लोक जिवंत मासे विकत आणतात, पूजा करतात आणि तळ्यात किंवा नदीत सोडतात. फ्रेंचांच्या काळात बांधलेला लाँग बियन नावाचा लोखंडी पूल तांबड्या नदीवर आहे. तिथे त्या दिवशी गर्दी उसळते.

पण एक अडचण झाली. मासे प्लास्टिकच्या पिशवीत मिळतात. लोक माशाबरोबर पिशवीही पाण्यात टाकू लागले. तळी घाण होऊ लागली, मासे मरू लागले. आता तरुण मुले-मुली पुलावर फलक धरून उभी राहतात. "मासा सोडा, पिशवी सोडू नका," असे सांगतात. रिकाम्या पिशव्या गोळा करतात. धर्मही राहिला आणि नदीही राहिली. आपल्याकडे गणपतीच्या विसर्जनाला निर्माल्यासाठी वेगळे कुंड ठेवतात, तसेच हे.

फुलांचा बाजार आणि फुलांचा शेतकरी

आता बाजारात जाऊ. जुन्या हनोईत गल्ल्यांना मालाची नावे आहेत. चांदीची गल्ली, साखरेची गल्ली, कागदाच्या वस्तूंची गल्ली. पुण्यात तांबट आळी आहे ना, तसेच. तेतच्या आधी कागदाची हांग मा ही गल्ली लालभडक होऊन जाते. आकाशकंदील, तोरणे, लाल पाकिटे यांची तिथे रास पडलेली असते. जवळच हांग लुओक गल्लीत फुलांचा बाजार भरतो.

थंडी असते. बारीक भुरभुर पाऊस पडत असतो. अशा हवेत मोटारसायकलीवर मागे एक सबंध झाड बांधून माणसे घरी निघालेली दिसतात. हे झाड पीचचे. त्याला गुलाबी फुले येतात. उत्तर व्हिएतनामात पीच फुलला नाही, तर तेत आला असे वाटतच नाही. दुसरे झाड कुमक्वाटचे. ही लिंबाहून लहान अशी संत्री. एकाच झाडावर पिकली फळे, हिरवी फळे, फूल आणि कोवळी पालवी असली, की ते झाड उत्तम. आजोबा, बाप, मुलगा, नातू एकाच घरात नांदतात, तसे ते दिसते.

पीचची झाडे शहराच्या कडेला न्हात तान भागात होतात, कुमक्वाटची तू लियन भागात. दोन्ही तांबड्या नदीच्या काठी. तिथला शेतकरी वर्षभर राबतो आणि त्याचा सगळा माल दहा-पंधरा दिवसांत विकावा लागतो. फूल सणाआधी आठ दिवस उमलले तर गिऱ्हाईक पाठ फिरवते. सणानंतर आठ दिवसांनी उमलले तर कोणी पाहतही नाही. फूल नेमके सणालाच उमलले पाहिजे. ते कसे करायचे?

तेतच्या सुमारे दीड-दोन महिने आधी शेतकरी पीचची सगळी पाने हाताने ओरबाडून काढतो. पाने गेली की झाडाचा जोर कळ्यांकडे जातो. मग तो आभाळाकडे डोळे लावून बसतो. थंडी फार पडली तर कळ्या मिटून राहतात. तेव्हा तो झाडावर प्लास्टिक पांघरतो, मुळाशी कोमट पाणी घालतो. ऊब वाढली तर कळ्या घाईने फुटतात. तेव्हा सावली करतो.

कुमक्वाटची युक्ती वेगळी. वर्षाच्या मध्यावर शेतकरी झाड मुळासकट उपटतो, काही दिवस तसेच ठेवतो आणि पुन्हा लावतो. झाडाला ताण बसतो. मग ते भरभरून फुलते आणि फळे सणाला पिकतात. विदर्भातल्या संत्रेवाल्यांना हे नवे नाही. तेही बागेचे पाणी तोडून ताण देतात आणि बहार धरतात. पद्धत निराळी, तत्त्व एकच.

पण निसर्गापुढे युक्ती किती चालणार? सप्टेंबर २०२४ मध्ये यागी नावाचे मोठे चक्रीवादळ आले. तांबड्या नदीला वीस वर्षांत आला नव्हता एवढा पूर आला. न्हात तान आणि तू लियन इथल्या बागा पाण्याखाली गेल्या. झाडाची मुळे पाण्यात राहिली की कुजतात. पूर ओसरला, तेव्हा हजारो झाडे वाळून उभी होती. सण साडेचार महिन्यांवर आलेला. कर्ज काढून बाग केलेल्यांचे काय झाले असेल, ते शेतकऱ्याला सांगायला नको. काहींनी जगलेली झाडे सांभाळली, काहींनी नवी रोपे लावून पुन्हा सुरुवात केली.

गिऱ्हाइकाकडूनही त्रास होतो. काही लोक मुद्दाम शेवटच्या दुपारपर्यंत थांबतात. विक्रेत्याला घरी जायची घाई असते, तेव्हा मातीमोल भावात झाड मागतात. संतापाने काही विक्रेते झाड मोडून टाकतात, पण त्या भावात देत नाहीत. वर्षाच्या घामाला कोणी कवडीची किंमत केली, तर राग येणारच!

यावर एक चांगला मार्ग निघाला आहे. मोठे झाड विकायचे नाही, भाड्याने द्यायचे. सण झाला की शेतकरी झाड परत नेतो, पुन्हा जमिनीत लावतो आणि पुढच्या वर्षासाठी वाढवतो. गिऱ्हाइकाला फूल मिळते आणि शेतकऱ्याचे झाड वाचते.

चौकोनी भाताचा नैवेद्य

तेतचा मुख्य पदार्थ म्हणजे बान चुंग. चिकट जातीचा तांदूळ रात्रभर भिजवतात. त्यात मुगाची डाळ आणि डुकराचे मांस घालतात. हे सारे रुंद हिरव्या पानात चौकोनी बांधतात आणि बांबूच्या कामट्यांनी आवळतात. आपल्या कोकणात हळदीच्या पानात पातोळे करतात, त्याची आठवण होते. मग मोठ्या हंड्यात दहा-बारा तास उकळतात. हंड्याचे पाणी आटू द्यायचे नाही. म्हणून घरातली माणसे जाळाभोवती रात्रभर जागतात आणि जुन्या गोष्टी निघतात. आता शहरात पुष्कळ लोक बान चुंग विकत आणतात. तरी काही घरांत अजून हंडा चढतो.

याचीही एक गोष्ट आहे. एका म्हाताऱ्या राजाला वारस निवडायचा होता. तो मुलांना म्हणाला, "पूर्वजांना दाखवायला जो सर्वांत चांगला नैवेद्य आणील, त्याला राज्य." कोणी जंगलात गेला, कोणी समुद्रावर गेला. लांग लियू नावाचा मुलगा गरीब होता. त्याच्यापाशी तांदळावाचून काही नव्हते. त्याने तांदळाचे दोन पदार्थ केले. एक चौकोनी, ती धरती. एक गोल, ते आकाश. राजाने त्यालाच राज्य दिले. तांदळासारखे मोलाचे दुसरे काय आहे, असे राजाला वाटले. शेतकऱ्याचा मान किती जुना आहे, पाहा.

घरातली कामे

सणाआधी घर झाडून स्वच्छ करतात, कारण नव्या वर्षाचे पहिले दिवस केरसुणीला हात लावायचा नसतो. झाडले तर लक्ष्मी केराबरोबर जाईल, अशी समजूत आहे. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतात. तिथे ती दडवून ठेवतात!

उसनवारी, उधारी वर्ष संपायच्या आत फेडायची, असा रिवाज आहे. कर्ज घेऊन नव्या वर्षात जाणे वाईट. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करतात. घरात पूर्वजांचा देव्हारा असतो. त्यावर पाच प्रकारची फळे मांडतात. शेवटच्या दिवशी जेवणाचे ताट मांडून पूर्वजांना घरी बोलावतात.

त्याच दिवशी स्नानही खास असते. बी धरलेली जून कोथिंबीर पाण्यात उकळतात आणि त्या सुवासिक पाण्याने अंघोळ करतात. वर्षाचा मळ धुऊन गेला, असे समजतात.

आणि सगळ्यांत मोठे काम म्हणजे गावी जाणे. हनोईत कारखान्यात, बांधकामावर, घरकामाला आलेली लाखो माणसे गठुडे बांधून निघतात. मोटारींना जागा नसते. एरवी चालायला जागा न देणारे हे शहर सणाच्या दिवशी रिकामे होते. तेतला आईबापांपाशी नसणे, याहून मोठे दुःख तिथे नाही.

अक्षर मागणारे लोक

आता मी शाळामास्तर, म्हणून मला जे सर्वांत आवडते, ते सांगतो.

हनोईत वान मियू नावाचे विद्येचे मंदिर आहे. ते १०७० साली बांधले. तिथे देशातले पहिले मोठे विद्यापीठ होते. मोठ्या परीक्षा उतरलेल्यांची नावे दगडी शिळांवर कोरली आहेत. अशा ८२ शिळा आज उभ्या आहेत. प्रत्येक शिळा एका दगडी कासवाच्या पाठीवर ठेवली आहे. विद्या कासवासारखी सावकाश चालते, पण टिकते, असेच मला ते पाहून वाटते.

तेतच्या दिवसांत या मंदिरापाशी सुंदर अक्षर काढणारे लोक बसतात. डोक्याला फेटा, अंगात लांब अंगरखा. पुढे लाल कागद, कुंचला आणि काळी शाई. लोक रांग लावून येतात आणि एकच शब्द मागतात. कोणी म्हणतो, 'शांती' लिहून द्या. कोणी म्हणतो, 'सुख'. कोणाला 'निर्मळ मन' हवे असते. परीक्षेला बसणारा मुलगा 'विद्या' मागतो. तो कागद घरात नेऊन भिंतीवर लावतात. याला ते 'अक्षर मागणे' असे म्हणतात. लोक देवापाशी धन मागतात, मुलगा मागतात. इथे अक्षर मागतात!

पण मंडळी, फ्रेंचांच्या राज्यात त्या देशात शंभरातल्या नव्वदांहून जास्त माणसांना वाचता येत नव्हते. लाल कागदावर काय लिहिले आहे, ते दुसऱ्याने सांगावे लागे. १९४५ साली स्वातंत्र्य जाहीर झाले. त्याच वर्षी उत्तरेत मोठा दुष्काळ पडून लाखो माणसे मेली होती. तिजोरी रिकामी होती. तरी सहाच दिवसांनी, ८ सप्टेंबरला, नव्या सरकारने लोकशिक्षणाचे काम सुरू केले. भूक, अज्ञान आणि परकी सत्ता, हे आपले तीन शत्रू, असे हो ची मिन्ह सांगत.

वर्ग कुठे भरले? देवळात, घराच्या ओसरीवर, झाडाखाली. फळा नसेल तर दार. खडू नसेल तर कोळसा. दिवसा शेत, रात्री दिव्याखाली अक्षर. ज्याला येते त्याने न येणाऱ्याला शिकवायचे. नवरा बायकोला शिकवी, मुलगा आईला शिकवी. काही ठिकाणी बाजाराच्या तोंडाशी दोन वाटा केल्या होत्या. फळ्यावरचे अक्षर वाचले तर चांगली वाट. नाही वाचले तर चिखलाची वाट. लोकांना लाज वाटू लागली आणि ते वर्गाला येऊ लागले. माणसाला असे चिखलात घालणे मला स्वतःला पसंत नाही. पण त्यांची तळमळ खरी होती. एका वर्षात सुमारे पंचवीस लाख माणसे वाचायला शिकली. आज तिथल्या मोठ्या माणसांत शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त लोकांना लिहिता-वाचता येते.

शेवटची रात्र

जुन्या वर्षाची शेवटची रात्र. बारा वाजत आले. पूर्वी घरोघरी फटाके लावत. माणसे भाजत, मरत. सरकारने १९९५ पासून फटाके बंद केले. लोक म्हणाले, आता सणाला काय मजा? पण लोकांनी ते पाळले. आता होआन कियम तळ्यासारख्या ठिकाणी सरकारी आतषबाजी होते आणि सारे गाव ती पाहते.

सकाळी घरात पहिला पाहुणा कोण येतो, याकडे लक्ष असते. त्याच्या पायगुणावर वर्ष जाते, असे मानतात. म्हणून चांगल्या माणसाला आधीच सांगून ठेवतात. मोठी माणसे मुलांना लाल पाकिटात पैसे देतात.

आणि आणखी एक रीत आहे. नव्या वर्षात पहिल्याने लेखणी हाती धरायची आणि चांगला शब्द लिहायचा. याला 'लेखणी उघडणे' म्हणतात. आपणही पाडव्याला पाटीची पूजा करतो. तुम्ही तर आता अक्षर शिकला आहात. येत्या पाडव्याला एक कागद घ्या. त्यावर आपल्या हाताने एक चांगला शब्द लिहा आणि घरात लावा. वाकडा आला तरी चालेल. तो तुमचा असेल.

वाचून झाल्यावर आपसांत बोला

१. तेतची तारीख दर वर्षी का बदलते?
२. पीचचे फूल सणालाच उमलावे म्हणून शेतकरी काय करतो?
३. झाड भाड्याने देण्यात दोघांचा फायदा कसा होतो?
४. नदीत पिशव्या टाकू नयेत म्हणून हनोईत काय करतात? आपल्या गावात काय करता येईल?
५. तुम्ही भिंतीवर कोणता शब्द लिहून लावाल? का?